घोडीखालची पट्टी

जे. पी. नगर, बंगळूर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांच्या चरणी सिद्धीचा सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र उशिरा लिहितेय, रागावू नका. मी आणि गिटार दोघी सुखरूप आहोत. गाडीत तिला वरच्या बाकावर टाकायचा धीर होईना, म्हणून मांडीवरच घेऊन बसले. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, आत नक्की आहे तरी काय. मी सांगितलं, माझ्या वडिलांच्या हातचं काम आहे. फोनवर तुमचं कानाचं मशीन शिट्टी मारतं आणि मोबाइलवर लिहिलेलं तुम्हाला पत्र वाटत नाही, तेव्हा ठरल्याप्रमाणे पोस्टाचं पाकीट. माझं अक्षर बिघडलंय हे आधीच कबूल करते. ऑफिसात सगळं टाइपच करायचं असतं.

खरं सांगू का, दिवाळीला गिटार मिरजेला आणताना मी जरा बिचकतच होते. माझ्या टीममधल्या अभिजीतनं वापरून टाकून दिलेली जुनी वस्तू. तुम्ही जन्मभर सतारी आणि तंबोरे घडवलेत, असल्या कारखान्यातल्या लाकडाकडे बघाल तरी का, असं वाटत होतं. पण तुम्ही सणाचे चार दिवस तिच्यावर घालवलेत. तारा बदलल्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून परत बसवली, खुंट्या साफ केल्या, लाकडाला तेल दिलं. भाऊबीजेला तुम्ही ती माझ्या हातात दिलीत तेव्हा मला रडूच येणार होतं, आईला विचारा.

क्लास सुरू झाला. दर शनिवारी, घरापासून चालत दहा मिनिटं. गिरीराज सर शिकवतात, एका हॉलमध्ये आम्ही वीसजण. आणि अण्णा, बोटं! डाव्या हाताची चारही बोटं अशी हुळहुळतात की काल आमटीची वाटी उचलवेना. सर म्हणतात, सगळ्यांचीच दुखतात, तीन-चार आठवड्यांत कातडी निबर होते, मग काही वाटत नाही. तुमच्या बोटांना चाळीस वर्षांचे घट्टे आहेत. काही उपाय असेल तर लिहा.

आईला सांगा, चिवडा संपला. माझी रूममेट शाल्मली दिसायला तेवढी बारीक आहे.

उत्तराची वाट बघते. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची सिद्धी


मिरज
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धीस अण्णाचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर खरंच बिघडलंय, पण लागलं. इकडे सगळं ठीक. थंडी पडलीय. एक तंबोरा धारवाडला जायचाय आणि त्याची जवारी लागता लागेना, घोडी कितीही घासली तरी तार गुंजत नाही. ऐकू येईनासं झाल्यापासून तारेचा झणकार मी बोटानंच जोखतो, त्याला वेळ लागतो.

बोटांचं विचारलंस ते ऐक. वाजवण्याआधी हात पाण्यात घालू नकोस. भांडी घासून उठलीस तर अर्धा तास थांब, ओल्या कातडीत तार लगेच रुतते. नखं मुळापर्यंत काप. एका दमात तासभर बसू नकोस, दहा-दहा मिनिटं चार वेळा बस. फोड आला तर फोडू नकोस, सोलपट निघालं तर ओढू नकोस. आणि कुणी सांगेल की तारा बारीक लाव, तर मुळीच लावू नकोस. बारीक तार कापते, जाड तार घट्टा देते. मी लावलीय ती जाडच आहे, ती राहू दे. तुझी आई तुपात हळद कालवून बाटली पाठवायलीय, झोपताना लाव.

आता बापाचं म्हणून एक ऐक. हौस केलीस, चांगलं केलंस. पण दुखण्यालाही मर्यादा असती. तुझं पोट त्या कीबोर्डावर चालतं. बोटं सुजवून घेऊन ऑफिसात काय करणार? पंधरा दिवस बघ, नाही जमलं तर भिंतीला टांग. त्यात कमीपणा काही नाही. घरात वाद्य नुसतं असलं तरी शोभा असती. मी काय तुला हसणार नाही.

जपून राहा. आठवण येते ती सगळी कागदावर उतरत नाही.

तुझा अण्णा


जे. पी. नगर, बंगळूर
१२ जानेवारी २०२५

ती. अण्णांना सिद्धीचा सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला आणि संक्रांतीच्या आधीच निम्मा संपला. आईला सांगा, यंदा पाक अगदी जमून आलाय.

बोटांची खबर आधी देते, कारण तुम्ही तीच विचाराल. तीन-चार आठवड्यांत निबर होतात असं सर म्हणाले होते, दोन महिने झाले. घट्टा धरतो आणि सोलून निघतो, पुन्हा धरतो, पुन्हा निघतो. ऑफिसात दाराशी बोट टेकवून हजेरी लावायचं मशीन आहे. मी डाव्या हाताचं बोट नोंदवलं होतं. मागच्या सोमवारी त्या मशीननं मला ओळखच दाखवली नाही. सिक्युरिटीवाले स्वल्प थांबा, स्वल्प थांबा म्हणत राहिले आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या भर उन्हात मी माझ्याच ऑफिसबाहेर वीस मिनिटं उभी. शाल्मली हे ऐकून इतकी हसली की खुर्चीवरून पडायची राहिली. तुमचे सगळे उपाय चालू आहेत. तूप-हळदीनं उशीचे अभ्रे पिवळे झालेत.

हसण्यावारी न्यायची नाही ती गोष्ट अशी की माझ्याबरोबरचे सगळे पुढे गेले. साठीच्या एक जमनाबाई नातीबरोबर येतात, त्यासुद्धा. आता पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं असतं. त्यांचं वाजतं. माझ्याकडून नुसता ठकठक आवाज निघतो. परवा सर सगळ्यांसमोर म्हणाले की काही हातांत जोरच नसतो, त्याला इलाज नाही, मार्चअखेर हे जमलं नाही तर पुढच्या बॅचला घेता येणार नाही. कारागिराची मुलगी आणि हातात जोर नाही. मला फार लागलं ते, अण्णा. घरी येऊन कितीतरी वेळ मी स्वतःच्या हाताकडे बघत बसले.

सुरुवातीला एकदा सरांनी म्हटलं होतं की तारा जरा उंच वाटतात, दुकानात दाखव. शाल्मलीनंही तेच टुमणं लावलंय. मी दोघांनाही ठणकावून सांगितलं, माझ्या वडिलांनी, मिरजेच्या देवाप्पांनी स्वतः लावून दिलेलं वाद्य आहे, त्यावर इथल्या कुठल्या दुकानदाराचा हात फिरणार नाही. खोट असलीच तर माझ्या हातात असेल. ऑफिसच्या बसआधी रोज सकाळी अर्धा तास बसतेच आहे. सोडणार नाही, बघालच तुम्ही.

आईला सा. न. तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या, सध्या त्याची गरज आहे.

तुमची सिद्धी


मिरज
२१ जानेवारी २०२५

चि. सिद्धीस अण्णाचे आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या सरांना मी ओळखत नाही, पण शिकवणारा माणूस हात बघूनच बोलतो, त्याचा राग धरू नये. तुझा हात तुझ्या आईवर गेलाय, मऊ. त्यात वाईट काय? सगळ्यांचेच हात वाद्याचे नसतात. कीबोर्डावर तो बरा चालतो, तेवढं पुष्कळ आहे.

हट्ट करू नकोस. आता पुरे कर. रक्त काढून काय मिळणार आहे? ती अभिजीतला परत दे, नाही तर विकून टाक, आणि झोपत जा नीट. गुढीपाडव्याला ये, चार दिवस राहा.

तुझी आई म्हणते, मुलीला स्पष्ट लिही. आठ दिवस झाले, आमचं दोघांचं धड बोलणं नाही. तुला सांगण्यासारखं कारण नाही. कामाच्या रगाड्यात होतं असं.

प्रकृतीला जप. बापावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा अण्णा


जे. पी. नगर, बंगळूर
९ मार्च २०२५

ती. अण्णांना नमस्कार.

तुमचं ऐकलं. फेब्रुवारी संपला तशी मीही हरले. पुढच्या बॅचला माझं नाव घालू नका असं सरांना मीच जाऊन सांगितलं, त्यांच्यावर बोलायची वेळ आणली नाही. काल शनिवारी गिटार विकायला म्हणून मेट्रोनं चिकपेटला गेले. कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत नरसिंहराव म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत, पेट्या आणि गिटारी दुरुस्त करतात, जुन्या विकतही घेतात. तीन पिढ्या इथलेच, मराठी बोलतात पण निम्मं कन्नड.

त्यांनी एक तार दाबून बघितली आणि हात मागे घेतला. मग एक डोळा मिटून तारांकडे आडवं बघितलं. यावर किती दिवस शिकलात, असं विचारलं. मी म्हटलं, चार महिने. त्यांनी आतून स्टूल आणून मला बसायला दिलं. तारा सैल करून त्यांनी घोडीतली पांढरी पट्टी चिमट्यानं उपसली. तिच्याखालून दुसरी पट्टी निघाली. हाडाची, काडेपेटीच्या काडीएवढी जाड, खाचेच्या मापाला बरोब्बर. ती तिथं होती म्हणून तारा लाकडापासून इतक्या वर राहिल्या होत्या. नरसिंहराव म्हणाले, “हे ज्यानं केलं त्याला काम येतं, अम्मा. चुकून असं बसत नाही.” कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माहीत नाही, मी जुनी घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमचं नाव लपवलं.

परत येताना सगळं अभिजीतवर ढकलायचा मी फार प्रयत्न केला. मेट्रोत ती पट्टी उलटीसुलटी करून बघितली. तिची खालची बाजू, जी कुणाला कधी दिसणारच नव्हती, तीही घासून काचेसारखी केलेली होती. कडा मारून गोल केलेल्या होत्या. न दिसणारी बाजू घासतो तो कारागीर, असं लहानपणापासून कोण सांगत आलंय मला? अभिजीतला चपलेचा तुटका अंगठासुद्धा धड चिकटवता येत नाही.

पट्टी काढून, बारीक तारा चढवून नरसिंहरावांनी गिटार माझ्या हातात दिली होती. मी पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबलं. वाजलं, अण्णा. पहिल्याच खेपेला सगळं स्वच्छ वाजलं. मी त्या स्टुलावर बसून हमसाहमशी रडले, आणि ते बिचारे घाबरून माझ्यासाठी कॉफी सांगायला धावले. गिटार विकली नाही.

माझ्या हातात जोर होता. चार महिने मी माझ्या हाताला शिव्या दिल्या, वीसजणांसमोर मान खाली घातली, आणि तुम्ही मला भांडी घासून अर्धा तास थांब म्हणून लिहीत होतात. जाड तारेचं खोटं सांगितलंत. हात आईवर गेलाय म्हणालात. सरांचा राग धरू नये म्हणालात. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पहिल्यांदा तुमच्याकडेच धावत आले असते. का केलंत? दुसरं काही नको, एवढंच लिहा. पट्टी सोबत पाठवतेय.

सिद्धी


मिरज
१८ मार्च २०२५

चि. सिद्धीस,

आशीर्वाद लिहायचा हक्क राहिलाय का ते ठाऊक नाही, पण हात सवयीनं तिकडेच जातो.

पट्टी पोचली. माझीच आहे.

तू दहा वर्षांची असताना मी तुझ्यासाठी एक लहान सतार केली होती. तुझ्या मांडीला झेपेल असा भोपळा शोधायला तीन गावं फिरलो. गिऱ्हाइकाचं काम उरकून, सहा महिने लागले. तू पंधरा दिवस वाजवलीस. बोटं दुखतात म्हणालीस आणि पुन्हा हात लावला नाहीस. मी तुला रागावलो नाही, पण ते मनातून गेलंही नाही. या दिवाळीत तू ते कारखान्याचं लाकूड आणलंस, माझ्याच बाकावर ठेवलंस आणि म्हणालीस, अण्णा, हे खरं माझं वाद्य, याला नीट करून द्या. तू सहज बोललीस. मला ते सोसलं नाही.

तीन दिवस खरंच मन लावून काम केलं, आईशपथ. चौथ्या दुपारी ती पट्टी घासली. वाटलं, हिची बोटं दुखतील, आठ दिवसांत टाकून देईल, माझी टाकली तशी. मग फिटंफाट. पण तू टाकली नाहीस. माझ्या सतारीसाठी पंधरा दिवस नाही सोसलंस आणि त्या लाकडासाठी चार महिने सोसलंस. तुझं पत्र आलं की मी आधी बोटांची ओळ वाचायचो. खोटं सांगत नाही, पहिला महिना मला बरं वाटलं. नंतर भीती वाटायला लागली. तुझे सर तसं बोलले हे वाचलं तेव्हा सगळं सांगायलाच कागद घेतला होता. लिहिलं गेलं ते उलटंच. खरं लिहिलं असतं तर तू मला पुन्हा कारागीर म्हणाली नसतीस, आणि माझ्याजवळ दुसरं आहे काय?

तुझ्या आईनं मला ती पट्टी घासताना बघितलं होतं. मीच तिला गप्प बसवलं. तिच्यावर राग धरू नकोस.

एकच मागतो. मला ती एकदा नीट करू दे. पेटीवाल्याला तारेची उंची जमत नाही, फार खाली उतरवली असणार त्यानं. तिसऱ्या पडद्यावर खरखर करते का बघ. मी हत्यारं घेऊन गाडीनं येतो. एका दुपारचं काम आहे, तार लोण्यासारखी दबेल. काम झालं की लगेच परत फिरेन, जेवायलासुद्धा थांबणार नाही.

बोल चार कडक शब्द, पण बोल.

अण्णा


जे. पी. नगर, बंगळूर
२९ मार्च २०२५

ती. अण्णांना नमस्कार.

उद्या पाडवा. इथं युगादी, म्हणून शेजारच्या गंगव्वाअक्का आजच कडुलिंब आणि गूळ देऊन गेल्या. माझं मिरजेचं तिकीट मी परवा रद्द केलं.

सतारीचं मलाही आठवतं. मी रडत आले होते. तुम्ही माझी बोटं हातात घेऊन त्यांच्यावर फुंकर घातलीत आणि म्हणालात, “दुखतंय तर ठेव, पोरी. जबरदस्ती नाही.” पुढे शाळेत, कॉलेजात, हॉस्टेलवर, ऑफिसात, वडिलांचा विषय निघाला की मी हीच गोष्ट सांगत आले. माझे अण्णा असे आहेत म्हणून. सतरा वर्षं सांगितली. आणि त्याच दिवसापासून तुम्ही माझ्यावर रुसून होतात. आता ती फुंकरसुद्धा मला खरी वाटेना. गिटारीचं सोडा, हे जास्त लागलंय. तेव्हाच एक थप्पड मारून मोकळे झाला असतात तर बरं झालं असतं. दहा वर्षांच्या पोरीला कळलं तरी असतं.

आईशी फोनवर बोलले. ती फार रडली. मी तिला समजावलं, पण बाटलीतलं तूप आता लावावंसं वाटत नाही.

सरांनी मला पुढच्या बॅचला घेतलं. मागच्या शनिवारी सगळ्यांसमोर म्हणाले की दोष हाताचा नव्हता, वाद्याचा होता, आणि आपण तसं बोलायला नको होतं. जमनाबाईंनी टाळ्या वाजवल्या. ते वाद्य कुणी लावून दिलं होतं हे सरांच्या पक्कं लक्षात होतं, मीच तर तोरा मिरवला होता. त्यांनी काही विचारलं नाही. तरी मला मान वर करवेना, अण्णा. तुमच्यासाठी मला लाज वाटायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. तिसऱ्या पडद्यावर खरखरते. तिला बघितलं नाहीत, ऐकणं तर शक्यच नाही, तरी मिरजेत बसून तुम्हाला ते कळलं. असा हात इथं कुणाचा नाही. तुम्ही आलात तर एका दुपारीत ती लोण्यासारखी कराल, याबद्दल मला तिळभर शंका नाही.

तरी येऊ नका. तुम्ही कितीही नीट करून गेलात तरी दर शनिवारी क्लासला निघण्याआधी मी घोडीतली पट्टी उपसून खाली काही आहे का ते बघेन. मला माहीत आहे, मी बघेनच. तसं बघत जगायचं नाही मला. त्यापेक्षा खरखरू दे.

आईला सांभाळा, कानाच्या मशीनचे सेल बदला. लोभाची ओळ आज लिहवत नाही. पत्र लिहावंसं वाटेल तेव्हा मीच लिहीन.

सिद्धी